बापूकुटीच्या मातीचं माहेर

सेवाग्रामला आलेला माणूस बापूकुटी पाहतो, आदिनिवासाच्या ओसरीत घटकाभर टेकतो आणि वर्ध्याची वाट धरतो. आम्ही मात्र उत्तरेला, सेलूमार्गे बोर धरणाकडे निघालो. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा आसपास मिळेल त्याच सामानातून घरं उभी करायची असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू, कवेलू. त्यातली माती मूळची कुठली, हे डोंगराकडे गेल्यावर उमगतं.

हिंगणी मागे पडली की जमीन चढू लागते. कपाशी विरळ होते, साग सुरू होतो. ही सातपुड्याची दक्षिणेला उतरलेली सोंड. आर्वी, कारंजा, सेलू या तालुक्यांत ती पसरली आहे. गरमसूरजवळ ती सुमारे 600 मीटरपर्यंत जाते. सेवाग्राम अडीचशेच्या आसपास.

रस्त्याकडेच्या एका कापापाशी गाडी थांबवली. तळाला घट्ट काळा पाषाण. त्यावर गोलसर गोटे, नखाने पापुद्रे सुटावेत इतके कुजलेले. मग पिवळट मुरूम आणि माथ्यावर जेमतेम वीतभर माती. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरावर थर पसरला, त्याचा हा बेसाल्ट. ऊनपावसाने तो झिजत गेला. उतारावरची माती ओढ्यांनी खाली नेली. डोंगर बोडका राहिला, सपाटीला कपाशीची काळी जमीन मिळाली आणि बापूकुटीला भिंतींची माती.

धाम नदीही याच डोंगराळ भागातून येते. पवनारला विनोबांच्या आश्रमाखाली तिच्या पात्रात तोच काळा कातळ उघडा पडलाय.

आग्नेयेला समुद्रपूर तालुक्यात गिरडची सुटी टेकडी आहे. शेख फरीद बाबांच्या दर्ग्यापाशी जायफळाएवढे दगडी गोळे मिळतात. थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड केला, अशी कथा आहे. भूशास्त्र सांगतं, थिजत्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी खनिजं साचली. कथेतही वस्तूचा दगड होतो, शास्त्रातही पोकळीचा दगडच होतो, फरक काळाचा. सेवाग्राम पाहायला याल तेव्हा एक दिवस या डोंगरासाठी राखा. आश्रमाचा इतिहास 1936 पासून मोजतात, पण त्याच्या भिंतींचा बराच आधीचा आहे.