अब्बांच्या पावलांना झेपेल अशी शिकारभूमी

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार इतिहासजमा झाली, आणि ते योग्यच झाले. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात मात्र शिकार ही कायद्याच्या चौकटीत बसवलेली गोष्ट आहे. तेथे एल्क नावाचे मोठे हरीण आढळते. शॉनी आदिवासींच्या भाषेत त्याचे नाव वापिती, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्या सांबराच्या नात्यातला हा प्राणी. मादी साधारण सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्याही पुढे. राज्यात त्यांची संख्या अडीच लाखांहून अधिक आहे. कळपांचे प्रमाण राखण्यासाठी वन्यजीव विभाग मोसम आणि विभाग ठरवून देतो आणि परवाने देतो.

आमचे अब्बा रायगड जिल्ह्यातले. तरुणपणी नोकरीसाठी डेन्व्हरला आले आणि तिथेच स्थिरावले. गिरणीतल्या सोबत्यांबरोबर ते एल्कच्या शिकारीला जात आणि हलाल गोश्त वर्षभर घरात पुरे. नंतर हृदयाचा झटका आला, गुडघे दुखू लागले, बंदूक कपाटात गेली. गेल्या वर्षी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते म्हणाले, "बाबांनो, एकदा शेवटचे जायचे आहे. पण मला गाडीत बसवून ठेवणार असाल तर नको."

आम्हा तिघा भावंडांपुढे प्रश्न उभा राहिला तो जागेचा. नाही म्हटले तर त्यांचे मन मोडते, चुकीच्या जागी नेले तर जिवाशी खेळ होतो.

पहिले नाव डोळ्यांसमोर आले ते फ्लॅट टॉप्सचे. तिथला व्हाइट रिव्हर कळप एल्कच्या सर्वांत मोठ्या कळपांपैकी एक. तिथल्या ट्रॅपर्स लेकच्या काठी बंगले बांधण्यासाठी पाहणी करायला १९१९ साली आर्थर कारहार्ट या तरुण अधिकाऱ्याला पाठवले होते. त्याने ही जागा आहे तशीच राहू द्या, असे सुचवले. आज तो संरक्षित रानप्रदेश आहे. तिथे मोटार काय, सायकललाही बंदी. पायी किंवा घोड्यावरूनच जावे लागते, आणि तळेच साडेनऊ हजार फुटांवर आहे. नैर्ऋत्येच्या सान हुआन पर्वतांतही एल्क पुष्कळ, पण दऱ्या खोल आणि चढ छातीवर येणारे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की डेन्व्हरच्या ५,२८० फुटांची सवय असली, तरी अब्बांना दहा हजारांवर श्रम करू देऊ नका.

मग आम्ही उलटा विचार केला. एल्क कुठे जास्त, हा प्रश्न बाजूला ठेवला. अब्बा कुठपर्यंत आपल्या पायांनी जातील आणि परत येतील, हा प्रश्न आधी घेतला. उत्तर मोसमात सापडले. उन्हाळ्यात एल्क उंचावर चरतात. नोव्हेंबरात वर बर्फ साचले की कळप चाऱ्यासाठी खाली सेजच्या झुडपांत आणि बुटक्या ज्युनिपरच्या रानात उतरतात. म्हणजे आपण डोंगर चढायचा नाही, डोंगरावरचे जनावर आपल्याकडे येऊ द्यायचे. त्यासाठी राज्याच्या वायव्येकडील क्रेग गावाचा परिसर निवडला. डेन्व्हरपासून अंतर सुमारे ३२० किलोमीटर, उंची ६,२०० फूट, टेकड्या मंद उताराच्या, आणि गावात रुग्णालय.

परवाना मादीचा मागितला. शिंगांची हौस कुणालाच नव्हती. त्याचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच करावा लागतो आणि सोडत निघते. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. अब्बांचा जन्म १९४७चा. ते हसून म्हणाले, "म्हातारपणाचा एक तरी फायदा झाला!" चालता न येणाऱ्यांना थांबलेल्या गाडीतून शिकार करण्याची खास सवलतही मिळते. ती त्यांनी घेतली नाही.

सप्टेंबरात आम्ही त्यांना घेऊन जागा पाहून आलो. सरकारी जमीन कुठे संपते आणि खाजगी कुठे सुरू होते ते नकाशावर तपासले, कारण मालकाच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही. अब्बांच्या चालीने चालून पाहिले. तीनशे पावलांवर ते थांबत. गाडीरस्त्यापासून अशा दोन थांब्यांवर एक उंचवटा होता. पाठ टेकायला खडक आणि समोर उघडे खोरे. तीच जागा ठरली.

जागा ठरवताना दीनचा विचारही होता. सूरह माइदामध्ये शिकारीची परवानगी आहे, मर्यादाही आहेत. हजरत अदी बिन हातिम (रजि.) यांनी शिकारीविषयी विचारलेले प्रश्न बुखारी आणि मुस्लिमच्या हदीस-संग्रहांत आहेत. केवळ मौजेसाठी जीव घेणे इस्लामला मंजूर नाही. बंदुकीच्या गोळीने, जबह होण्याआधीच मेलेल्या जनावराबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यामुळे बिस्मिल्लाह म्हणून गोळी झाडायची आणि जीव आहे तोवर पोहोचून जबह करायचे, हा अब्बांचा कायमचा नियम. पण त्यासाठी जनावर जवळ हवे आणि वाट सपाट हवी. दरीपलीकडे गोळी मारून तिथे तासाभराने पोहोचणे उपयोगाचे नाही. त्यांचा परवाना त्यांच्याच नावाचा, त्यामुळे गोळीही त्यांनीच झाडायची. त्यांच्या वतीने आम्हाला ती झाडता येत नाही.

नोव्हेंबरात पारा शून्याखाली होता. ईशान्येकडे तोंड करून फजर अदा केली, कारण तिथून किबला त्या दिशेला येतो. नियमाप्रमाणे भडक नारिंगी जाकिटे आणि टोप्या घातल्या. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून परवानगी असते. पहिला दिवस कोरा गेला. अब्बांनी खडकाला टेकून तसबीह पढली आणि गावाकडच्या, आम्ही कधी न ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या सकाळी सात माद्या खोऱ्यात उतरल्या. सुमारे शंभर मीटरवरून अब्बांनी एक गोळी झाडली. मादी तिथेच कोसळली. भाऊ धावू लागला तसे अब्बांनी त्याला थांबवले आणि स्वतः चालत गेले. पाय झाडून लागू नये म्हणून पाठीकडून गेले, बिस्मिल्लाहि अल्लाहु अकबर म्हणत जबह केले. त्यांचा हात थरथरला नाही. नंतर मात्र ते बर्फावर बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचे काम आमचे होते. खाण्याजोगे गोश्त रानात टाकून देणे गुन्हा आहे. साठ-पासष्ट किलो गोश्त गाडीपर्यंत आणायला आम्हाला चार फेऱ्या लागल्या. हरणांमध्ये मेंदूचा एक प्राणघातक रोग पसरतो, म्हणून डोके वन्यजीव विभागाकडे तपासणीला दिले आणि निकाल निर्दोष येईपर्यंत गोश्त गोठवून ठेवले. मग वाटे केले. नातेवाईकांचा, शेजाऱ्यांचा, आणि मशिदीमार्फत गरजूंचा.

आपल्यापैकी फार थोड्यांना एल्कच्या शिकारीला जायचे असेल. पण आई-वडिलांना उमराला नेताना हॉटेल हरमपासून किती पावलांवर आहे, गावी नेताना घराला किती पायऱ्या आहेत, हे विचारावेच लागते. सूरह बनी इस्राईलमध्ये वालिदैनसमोर नम्रतेने झुकण्याचा आदेश आहे. त्यांचे काम आपण उरकून टाकणे सोपे असते. ते काम त्यांना स्वतः करता येईल अशी जागा शोधायला जास्त वेळ लागतो. आम्हाला एप्रिल ते नोव्हेंबर लागले. अल्लाह तआला सर्वांच्या आई-वडिलांना आफियत देवो, आमीन.