केळवे बीच: पतंग ठरला, पण दोरा?
संक्रांतीला गच्चीवरच कशाला? डहाणू लोकल पकडा, पालघरच्या एक स्टेशन अलीकडे केळवे रोडला उतरा आणि रिक्षाने गाठा बीच. इथे काटाकाटीला शेजारचा पिंट्या नाही, मग मांजा हवाय कुणाला? काईटसर्फिंगवाले चार-चार दोऱ्या लावतात, कारण त्यांचा पतंग माणसाला ओढतो. आपल्याला साधा सुती दोरा बास!

दुपारी वारा समुद्राकडून येतो आणि पतंग थेट सुरूच्या बनावर. म्हणून ओहोटी बघून पाण्याजवळ उभे राहा. तरी अडकलाच, तर सुती दोरा पावसाळ्यात कुजून जातो. नायलॉन मात्र वर्षानुवर्षं लटकत पक्ष्यांचे पंख कापत राहतो. हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातलीय. कुणी हळूच पुढे केला, तर सरळ नको म्हणा.