शेपटीचा सूर

बी.कॉम. बापाच्या पोटी इंजिनियर जन्माला यावा, हा ताळेबंद मला अजून जुळलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्या चिरंजीवांनी घरच्या घरी जेट इंजिन करायला घेतलं. पल्सजेट. आत पंखा नाही, चाक नाही. पुढे पोलादी पत्तीच्या झडपा, मध्ये गॅस जळायची पोकळी आणि मागे लांब नळी.

"बाबा, सगळी करामत शेपटीत आहे." मारुतीरायानंतर हे मी प्रथमच ऐकलं.

"स्फोट झाला की दाबाची लाट नळीतून मागे जाते. उघड्या तोंडाशी पोचली की उलटी होते आणि ओढ होऊन परत येते. त्या ओढीनं झडपा उघडतात, ताजी हवा आत येते. की पुढचा स्फोट!"

"म्हणजे जमेची रक्कम नावे पडून परत आली?"

"करेक्ट!" पोरानं चक्क आदरानं पाहिलं. परत आलेल्या चेकवर खूश झालेला माणूस बँकेत चोवीस वर्षांत मला भेटला नव्हता.

नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. आमच्या मीटरभर नळीचे सेकंदाला दीडशेच्या आसपास स्फोट व्हायचे होते. १९४४ साली लंडनवर आलेल्या जर्मन व्ही-१ बाँबचं इंजिन याच जातीचं, पण नळी बरीच लांब. त्याचे सुमारे ४५. लंडनकर म्हणे त्या घरघरीपेक्षा ती थांबण्यालाच जास्त भीत. थांबली, की बाँब खाली आलाच.

मेव्हण्याच्या शेतावर चाचणी ठरली. नळी मी कापली. चार बोटं जास्तच. इंजिन 'फट्' म्हणालं आणि गप्प. मग जोड दिला, टोकाला सौ.चं स्टीलचं नरसाळं वेल्ड केलं. आणि काय सांगू! कानांत कापूस असून दात वाजले, नळी लालभडक झाली, मेव्हण्याची म्हैस दावं तोडून गेली. पोरगा काहीतरी ओरडत होता, मीही ओरडत होतो. एक अक्षर कळलं नाही. पण आम्ही दोघं इतकं सलग कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

जूनमध्ये तो नोकरीला बेंगळुरूला गेला. इंजिन कॉटखाली आहे, घर शांत आहे, आणि लंडनकरांचं म्हणणं मला आता पटतं.

सौ. तेल ओतताना रोज नरसाळं मागते. मी म्हणतो, "तो आला की काढून देईल. तोंड उघडं ठेवलं की गेलेलं परत येतं, असं तोच म्हणाला होता."

तोवर तेल सांडतंय.