खजिनदाराचा शब्दकोश

चेक रद्द करताना त्यावर दोन तिरप्या रेघा ओढण्याची रीत व्यापारी कुटुंबांतील मुलांनाही ठाऊक असते. त्या रेघांमागे एक लॅटिन शब्द आहे, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. लॅटिनमध्ये 'कॅन्सेली' म्हणजे जाळी. दस्तऐवज रद्द करताना त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेघा मारीत. त्या जाळीसारख्या दिसत, म्हणून त्या कृतीस 'कॅन्सेलारे' म्हणू लागले. आपला 'कॅन्सल' तेथूनच आला. रोमन न्यायासनाच्या जाळीपाशी उभा राहणारा साधा सेवक तो 'कॅन्सेलारियुस'. पुढे मध्ययुगात राजाची कागदपत्रे सांभाळणाऱ्या थोर अधिकाऱ्यास हेच नाव मिळाले. आजचा 'चॅन्सेलर' तो हाच.

रोमन साम्राज्य लयास गेले तरी लॅटिन भाषा शतकानुशतके युरोपातील मठांत, न्यायालयांत आणि करारपत्रांत नांदत होती. मात्र ती सिसरोच्या काळची राहिली नव्हती. तिचे लेखन बदलले, लोकभाषांतील शब्द तिच्यात शिरले, जुन्या शब्दांना नवे अर्थ लाभले. प्राचीन लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी तिला भ्रष्ट ठरवून दूर सारले. परिणामी दानपत्र हाती असूनही त्यातील शब्दाने नेमका कोणता हक्क दिला, कोणता कर लावला, हे उमगेनासे झाले. दस्तऐवज शाबूत, पण अर्थ हरवलेला, अशी ही अवस्था होती.

हा अर्थ शोधण्याचे काम ज्यांनी अंगावर घेतले, ते शार्ल द्यु कांज पेशाने खजिनदार होते. त्यांचा जन्म 1610 मध्ये फ्रान्समधील आमियें येथे झाला. कायद्याचे शिक्षण घेतल्यावर 1638 मध्ये त्यांचा विवाह झाला आणि 1645 मध्ये सासऱ्यांकडून त्यांनी सरकारी खजिनदाराचे पद घेतले. प्रपंच आणि पद सांभाळून त्यांचे वाचन अखंड चालू राहिले. 1668 मध्ये आमियेंत प्लेगची साथ आली, तेव्हा ते पॅरिसला जाऊन स्थायिक झाले.

1678 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांचा मध्ययुगीन लॅटिनचा कोश तीन खंडांत प्रसिद्ध झाला. पंडित ज्या भाषेस हीन लेखीत, तिच्यासाठी त्यांनी असंख्य इतिवृत्ते, सनदा आणि कायदेग्रंथ धुंडाळले. प्रत्येक शब्द कोठे आला, कोणी वापरला, कोणत्या अर्थाने वापरला, याचे दाखले त्यांनी मांडले. शब्दाचे कूळ विचारून ते थांबले नाहीत, त्याचा व्यवहारही त्यांनी तपासला. पावतीवाचून नोंद मान्य न करणाऱ्या हिशेबनिसाचीच ही शिस्त होय.

मध्ययुगीन ग्रीकचा त्यांचा कोश 1688 मध्ये निघाला आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पुढील पिढ्यांतील विद्वान त्यांच्या लॅटिन कोशात भर घालीत गेले. 1883 ते 1887 या काळातील आवृत्ती दहा खंडांची झाली. मध्ययुगीन लॅटिनचा अभ्यासक आजही अडलेल्या शब्दासाठी हा कोश उघडतो.

जुन्या वह्यांतील भाषा अशुद्ध म्हणून त्या रद्दीत घालणे सोपे असते. परंतु कोणाचे देणे, कोणाचे घेणे आणि कोणी कोणास दिलेला शब्द, हे सारे त्या अशुद्ध भाषेतच लिहिलेले असते. द्यु कांज यांनी ते वाचण्याची वाट पुढच्यांसाठी खुली ठेवली.