नळावरची भांडणं, पोर्टलंड स्टाइल

घरी बीअर बनवणं एकदम कूल. पण तिचा पाइप कोण धुणार? ओरेगनमधल्या एका गॅरेजमधून खास रिपोर्ट.

पोर्टलंड म्हणजे रिमझिम पाऊस, पुस्तकांची दुकानं आणि बीअर. या शहराला लाडाने ‘बीअरव्हाना’ म्हणतात ते उगाच नाही. अमेरिकेत घरी बीअर बनवायला केंद्रीय कायद्याने मोकळीक दिली 1978 मध्ये, जिमी कार्टर अध्यक्ष असताना. दोन प्रौढ असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साधारण 750 लिटर! अट एकच, विकायची नाही. पुढे 1985 मध्ये ओरेगनने ब्रूपबनाही परवानगी दिली. मग काय, गल्लोगल्ली माल्टचा वास.

डाउनटाउनमधून मॅक्सची ब्लू लाइन पकडली की पश्चिमेला हिल्सबरो लागतं. इथे चिप कंपन्यांमुळे आलेली भरपूर मराठी मंडळी राहतात. त्यातलाच एक माझा मावसभाऊ. दिवसा इंजिनीअर, वीकेंडला ब्रूमास्टर. गॅरेजमध्ये जुना फ्रिज, त्याच्या दाराला भोकं पाडून बसवलेले दोन चकचकीत नळ, आत स्टीलचे उभे डबे. या डब्यांना ‘कॉर्नी केग’ म्हणतात. मुळात सॉफ्ट ड्रिंकवाल्यांचे, प्रत्येकी 19 लिटरचे. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. सेटअप सॉलिड!

पण मी पोहोचले तेव्हा घरात वातावरण तंग होतं. आधीच्या केगला शिळ्या बटर पॉपकॉर्नसारखा वास आला म्हणून दादाने अख्खी बीअर मोरीत ओतली होती. आता नवीन गव्हाची बीअर, आणि पहिल्याच ग्लासाला पुन्हा तोच वास. संध्याकाळी सात वाजता बाराजण जेवायला येणार.

‘‘परत ओतणार? मग फ्रिजही देऊन टाक कुणाला तरी. तीन आठवडे गॅरेजमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती,’’ वहिनी म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

दादा शांत. त्याने नळाचा पाइप काढला आणि केगला थेट एक नवाकोरा, हातभर पाइप लावला, टोकाला प्लास्टिकचा पिकनिक नळ. ग्लास वहिनीच्या हातात दिला. केळं आणि लवंगेचा मस्त वास, या बीअरला हवा तसाच. म्हणजे केग निर्दोष, गुन्हेगार पाइप!

बीअर सतत वाहते म्हणजे पाइप स्वच्छ राहतो, असं वाटतं ना? उलट आहे. यीस्ट आणि प्रथिनं आतून चिकटतात, त्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यातले काही आंबटपणा आणतात, काही तो बटरी वास. नळाच्या तोंडाशी हवा लागते, तिथे व्हिनेगर बनवणारे जिवाणू मुक्कामाला. शिवाय कालांतराने कॅल्शियमचा कडक थरही जमतो, त्याला ‘बीअरस्टोन’ म्हणतात. नुसत्या पाण्याने यातलं काहीच जात नाही.

पंपवाला तयार किट मिळतो, पण महाग. दादाचा जुगाड बघा. दोन लिटरची सोड्याची बाटली, तिच्यावर केगचे कनेक्टर बसतील असं थोड्या डॉलर्सचं झाकण आणि कपड्यांचे डाग काढणारी, बिनवासाची ऑक्सिजनवाली पावडर. कोमट पाण्यात एक मोठा चमचा पावडर, वरून गॅसचं प्रेशर, मग बाटली उलटी करून पाइपला जोडायची आणि नळ उघडायचा. तीन मीटरच्या बारीक पाइपात मावतं किती? जेमतेम एक कटिंग! त्यामुळे एक बाटली भरपूर झाली. अर्धी सोडून वीस मिनिटं थांबला, मग उरलेली सोडली. पहिलं पाणी पिवळट आणि त्यात चक्क तुकडे. ई!

तोवर मी पान्याने काढलेला नळ सुटा करून ब्रशने घासत होते. आतली घाण सांगत नाही, जेवताय तुम्ही कदाचित. मग दोन बाटल्या साधं पाणी आणि शेवटी न धुता चालणारं आम्लयुक्त सॅनिटायझर, लेबलवर दिलेल्या प्रमाणात.

पावणेसातला नळातून पहिला ग्लास निघाला. वहिनीने वास घेतला, घोट घेतला आणि फक्त म्हणाली, ‘‘बारा ग्लास काढ.’’ एकोणीस लिटर वाचले, फ्रिजही वाचला. नियम मात्र ठरला: केग संपला की पाइप धुवायचा, मगच दुसरा लावायचा.

आपल्याकडे विनापरवाना बीअर बनवणं बेकायदा आहे, त्यामुळे घरी प्रयोग नको. पण 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाल्यापासून ताज्या बीअरचा नळ आपल्याही ओळखीचा झालाय. तेव्हा पबमध्ये बिनधास्त विचारा, ‘‘लाइन कधी धुतली?’’ अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन दर दोन आठवड्यांनी धुवा म्हणते, आणि बीअरस्टोनसाठी दर तीन महिन्यांनी आम्लानेही. तुम्ही पैसे मोजताय, विचारायला लाजायचं कशाला?

परदेशात राहून हा छंद करत असाल तर...

* ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र नको. विषारी क्लोरीन वायू तयार होतो.
* ऑक्सिजनवाल्या पावडरचं पाणी बंद बाटलीत साठवू नका, दाब वाढून बाटली फुटू शकते. दर वेळी ताजं बनवा.
* पाणी कोमटच घ्या. उकळत्या पाण्याने बाटली आणि पाइप दोन्ही वाकडे होतात.
* हातमोजे आणि चष्मा घाला. पाइप सोडवण्याआधी प्रेशर काढा.
* धुऊनही वास जात नसेल तर सरळ नवीन पाइप टाका. 19 लिटर बीअरपेक्षा तो स्वस्तच पडतो.