दापोलीचा मनस्वी किनारा

दापोली तालुक्याचा किनारा एका भेटीत ओळख देत नाही. उत्तरेला केळशी, दक्षिणेला दाभोळ. मधल्या प्रत्येक गावात त्याचा स्वभाव वेगळा. कुठे तो मऊ पुळण पसरून ऐसपैस बसलेला, तर पुढचं वळण घेतलं की काळ्या कातळावर लाटा फोडत उभा. पाठीशी जांभ्याचा सडा, सड्याच्या पायथ्याशी माड-पोफळीच्या वाड्या, मग सुरूचं बन आणि त्यापुढे समुद्र. जागा बेताचीच, पण तेवढ्यात त्याने देवळं, दर्गे, किल्ले, बंदरं, माणसं आणि कासवं अशी सगळ्यांची सोय लावली आहे.

केळशीला तो जुन्या आठवणी सांभाळून असतो. भारजा नदीच्या मुखाशी वाळूची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तिचे थर तपासले, आणि कधीकाळी आलेल्या एखाद्या प्रचंड सागरी लाटेने ही वाळू इथे आणून टाकली असावी, असा तर्क मांडला. वाटसरूला ती नुसती वाळू दिसते. किनाऱ्याच्या लेखी ते त्याचं दप्तर आहे.

आंजर्ल्याला त्याचं मन हळवं होतं. वर टेकडीवर कड्यावरचा गणपती, खाली जोग नदीची खाडी आणि लांबलचक पुळण. हिवाळ्याच्या रात्री ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी या पुळणीवर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे वळून न पाहता समुद्रात जाते. पुढचे दीड-पावणेदोन महिने ती अंडी वाळूच्या उबेवर आणि गावाच्या राखणीवर वाढतात. शेजारच्या मंडणगड तालुक्यात, वेळासला, चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने 2002 साली हे काम गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केलं, आणि पूर्वी अंडी उकरून नेणारे हात ती राखू लागले. आंजर्ल्यानेही तो वसा घेतला. तळहाताएवढीसुद्धा नसलेली पिल्लं पहिल्या लाटेकडे धावतात, तेव्हा भोवती उभी असलेली शे-दीडशे माणसं श्वास रोखून पाहत असतात.

हर्णैला मात्र त्याचा आवाज चढतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, काठावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा दरारा इथल्या पाण्याने पाहिला, आणि 1755 साली पेशव्यांच्या बाजूने आलेल्या इंग्रज कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्र्यांकडून सुवर्णदुर्ग जिंकला, तेही याच पाण्याने पाहिलं. आता इथे रणकंदन होतं ते लिलावाचं. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगर टाकतात. त्यांच्यावरची मासळी वर्षानुवर्षं होड्यांतून आणि गुडघाभर पाण्यात उतरणाऱ्या बैलगाड्यांतून काठावर येत आली आहे. पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग वाळूवर मांडले जातात, बोली चढते आणि पाहता पाहता माल उचलला जातो. शेजारच्या पाजपंढरीतल्या कोळ्यांचा वर्षभराचा हिशोब या वाळूवर लिहिला जातो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा किनाराही गप्प होतो.

मुरुडला तो शिस्तीने वागतो. सरळ रस्ता, दुतर्फा घरं, घरांमागे वाड्या, वाड्यांमागे समुद्र. धोंडो केशव कर्वे या गावात वाढले आणि परीक्षा देण्यासाठी इथून साताऱ्याला चालत गेले. एवढं दूर होतं हे गाव एकेकाळी. आता पुण्या-मुंबईची मोटार सकाळी निघते आणि दुपारच्या जेवणाला मुरुड-कर्द्यात पोहोचते. डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या, घोडागाड्या, रिसॉर्टांच्या पाट्या, वाडीतल्या खोल्या आणि घरगुती खाणावळी हा सगळा नवा संसार इथेच मांडला गेला आहे. या संसारावर अनेक घरांच्या चुली पेटतात; मुंबईला नोकरी शोधायला जाणारा एखादा मुलगा त्यामुळे गावात राहतो. ही लहान गोष्ट नव्हे.

लाडघरला पाण्यावर लालसर झाक दिसते, म्हणून तिथल्या तीर्थाला तामसतीर्थ म्हणतात. कोळथऱ्याला हाच किनारा मितभाषी होतो. कोळेश्वराच्या देवळापासून पुळणीपर्यंत पावलांचाच काय तो आवाज. आणि दाभोळला, वाशिष्ठीच्या मुखाशी, तो एकदम वयस्क वाटतो. मोठं वैभव पाहिलेलं हे बंदर. 1508 च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय अल्मेदाने ते जाळलं, तरी ते पुन्हा उभं राहिलं. आदिलशाहीतली मशीद आजही खाडीकडे पाहत उभी आहे. 2003 पासून फेरीबोट माणसांसह मोटारी पोटात घेऊन पलीकडच्या धोपाव्याला सोडते. आल्यागेल्याला पार करण्याची बंदराची जुनी सवय अशी टिकून आहे.

या किनाऱ्याचा रागही पाहिला पाहिजे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं आणि काही तासांत केळशी, आंजर्ले, मुरुडच्या वाड्या आडव्या झाल्या. माड-पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आजोबांनी लावलेली झाडं नातवाच्या डोळ्यांदेखत पडली. तरीही लोकांनी वाड्या साफ केल्या आणि नवी रोपं लावली.

त्याचा मूळ स्वभाव मात्र कळतो तो वाळूवरून. किनारा एका जागी थांबत नाही. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि समुद्रात थोड्या अंतरावर तिचे बांध घालतात. त्या बांधांवर लाटांचा जोर मोडतो. पावसाळा सरला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात. समुद्र आणि किनारा यांचा हा सावकारीचा व्यवहार कोणत्याही कागदाविना चालत आला आहे. त्यात मध्ये भिंत उभी केली की लाट भिंतीवर आपटून माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू खरवडून नेते. काही वर्षांनी भिंत राहते, पुळण जाते. वाळूचे उंचवटे सपाट केले, सुरूचं बन तोडलं, की पुढच्या वादळाला वाडीपर्यंत मोकळी वाट मिळते. रात्रभर जळणारे झगझगीत दिवे कासवाच्या पिल्लांना समुद्राऐवजी जमिनीकडे ओढतात. वाळूवर धावणाऱ्या मोटारींखाली जी घरटी चिरडतात, त्यांची नोंदही होत नाही.

पाहुण्यांनी येऊ नये, असं या किनाऱ्याचं मुळीच म्हणणं नाही. त्याने आयुष्यभर पाहुणेच सांभाळले आहेत. त्याला हवी आहे हलायला जागा. म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: एकाच रिसॉर्टच्या आवारात दोन दिवस काढून परतू नका, केळशीपासून दाभोळपर्यंत गावागावातून जा. राहायला वाळूवरची इमारत निवडण्याऐवजी वाडीतलं घर निवडा. मोटार गावात ठेवा आणि पुळणीवर अनवाणी चाला. रात्री समुद्राकडचे दिवे मालवायला यजमानांना सांगा. भरती-ओहोटीच्या वेळा विचारून पाण्यात उतरा, आणि स्थानिक माणूस नको म्हणाला तर ऐका. वाळू मोकळी राहिली तर किनारा राहील, आणि किनारा राहिला तरच गावं आणि त्यांचे पाहुणे राहतील.