मेलबर्न : प्रेक्षकांचा मोहल्ला

मेलबर्न शहरात नवी ओळख झाली की नाव, गाव, काम विचारून होते आणि मग एक प्रश्न हमखास येतो, "तुम्ही कुणाच्या बाजूने?" हा प्रश्न राजकारणाचा नसतो, फुटबॉलचा असतो. तोही आपल्या ओळखीचा फुटबॉल नव्हे, 'ऑस्ट्रेलियन रूल्स'. लोक लाडाने त्याला 'फूटी' म्हणतात. त्याचे पहिले लेखी नियम १८५९ साली याच शहरात तयार झाले. आज देशातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धेत १८ संघ आहेत आणि त्यांतले ९ एकट्या मेलबर्नचे. त्यामुळे हा प्रश्न खरे तर 'तुमचा मोहल्ला कोणता?' असाच असतो.

मे महिन्याच्या सुट्टीत मी भाच्याकडे गेले होते. आपल्याकडे अंगाची लाही होत असताना तिकडे थंडी सुरू झालेली. एका शनिवारी तो म्हणाला, "खाला, शहर पाहायचे असेल तर आज मैदानावर चला." आम्ही मेलबर्न क्रिकेट ग्राउंडला निघालो. नाव क्रिकेटचे, पण मार्च ते सप्टेंबर तिथे राज्य फूटीचे. सुमारे एक लाख माणसे मावतील एवढे मोठे मैदान. रिचमंड स्टेशनवर उतरल्यावर वाट विचारावी लागत नाही. गर्दीच आपल्याला घेऊन जाते.

त्या गर्दीने मला चकित केले. आजी-आजोबा होते, लेकी-सुना होत्या, कडेवरची बाळे होती. प्रत्येकाच्या गळ्यात आपल्या संघाच्या रंगाचा मफलर. कॉलिंगवुडचा काळा-पांढरा, रिचमंडचा काळा-पिवळा. संघ सहसा निवडायचा नसतो, तो घराण्यातून मिळतो. जावई दुसऱ्या संघाचा निघाला, तर जन्मलेले बाळ कोणत्या संघाचे यावरून दोन्ही घरांत गमतीची ओढाताण चालते.

दोन्ही बाजूंचे लोक शेजारी-शेजारी बसतात, हे मला विशेष वाटले. पुढच्याच रांगेत नवऱ्याच्या गळ्यात एक रंग आणि बायकोच्या गळ्यात दुसरा. दोघे एकाच थर्मासमधून चहा पीत होते. लोक गरम 'मीट पाय' खात होते. त्याच्या हलालची खात्री नसल्याने आम्ही घरचा कबाब-रोटीचा डबा उघडला.

खेळ समजायला वेळ लागला नाही. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू, लांबट चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १. गोल झाला की पंच दोन झेंडे फडकावतो. मध्यंतरात लहान मुले मैदानात उतरून खेळतात आणि तेव्हाही टाळ्या वाजतात.

त्याच वेळात भाचा असर पढून आला. या मैदानात सर्वधर्मीयांसाठी प्रार्थनेची खोली आहे. रिचमंडकडून खेळलेला बशर हूली हा नमाज-रोजा पाळणारा खेळाडू. २०१७, २०१९ आणि २०२० या तिन्ही वर्षी तो विजेत्या संघात होता. त्याला पाहत मोठी झालेली मुस्लिम मुले आज बिनदिक्कत मफलर घालून इथे येतात.

प्रत्येक संघाचे स्वतःचे गाणे असते आणि चाली बहुधा जुन्या, उसन्या. ब्रिस्बेनच्या गाण्याची चाल फ्रान्सच्या राष्ट्रगीताची, तर जिलाँगची 'कार्मेन' या ऑपेरातली. सामना संपला की जिंकलेल्यांचे गाणे लागते आणि हजारो माणसे एका सुरात गातात. हरलेले मुकाट्याने चादरींच्या घड्या करतात.

पण या चित्राला काळी बाजूही आहे. २०१३ साली याच मैदानावर सिडनीचा नामवंत मूलनिवासी खेळाडू अॅडम गुड्स याला प्रेक्षकांतून कुणीतरी वानर म्हणून हिणवले. आवाज १३ वर्षांच्या मुलीचा होता. गुड्स दुखावला. तरीही दुसऱ्या दिवशी त्याने सांगितले, की दोष त्या मुलीचा नाही, ती ज्या वातावरणात वाढली त्याचा आहे. तिला आधार द्या. मुलीने माफी मागितली. मोठी माणसे मात्र शिकली नाहीत. २०१५ च्या हंगामात गुड्सकडे चेंडू गेला की ठिकठिकाणी हुर्यो उठू लागली. तो थकला आणि त्याच वर्षी निरोपाचा सोहळाही न स्वीकारता निवृत्त झाला. स्पर्धेच्या संस्थेने आणि सर्व १८ संघांनी त्याची माफी मागितली ती २०१९ साली. चार वर्षांनी.

आपल्या मोहम्मद सिराजनेही हे सोसले. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीच्या कसोटीत प्रेक्षकांतून शिव्या आल्या, तेव्हा तो उत्तर द्यायला धावला नाही. त्याने कर्णधार अजिंक्य रहाणेला आणि पंचांना सांगितले. खेळ थांबला, काही प्रेक्षकांना बाहेर काढले गेले आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळाने माफी मागितली. त्या दौऱ्यावर असतानाच सिराजच्या वडिलांचा इंतकाल झाला होता, हे आठवले की त्याच्या सब्राचे मोल कळते.

एकाच चहात वाटेकरी होणारी माणसेही त्याच देशात आणि हुर्यो करणारीही त्याच देशात. फरक रक्ताचा नाही, तालमीचा आहे. मी रोज वर्गात पाहते. क्रिकेटचा मोठा सामना झाला की दुसऱ्या दिवशी मुले जी भाषा बोलतात, ती शाळेने शिकवलेली नसते. ती आदल्या रात्री टीव्हीसमोर बसलेल्या अब्बांची, चाचांची, भाईजानची असते. खेळाडूच्या रंगावर, गावावर, मजहबवर घरात सहज फेकलेला एक शब्द लहानगा कानाने उचलतो आणि मैदानात तोंडाने टाकतो.

मुलांना संघ जरूर द्या, मफलर द्या, गाणी द्या. त्याबरोबरच हरल्यावर शेजाऱ्याशी हात मिळवायचा अदबही द्या. तो बाजारात मिळत नाही, घरातूनच द्यावा लागतो.